चाकाखालचा दगड

बाबा,

जीपच्या दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत आणि त्यातली एक माझ्याकडे असायला नको, म्हणून लिहायला बसले आहे. दुसरं काही कारण असतं तर बसले नसते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि फोटोपुढे उभं राहून बोलायची सवय मला नाही. शाळा मध्य प्रदेशातली, तिथे आयुष्यभर हिंदीत शिकवलं, हिंदीत रागावले. हेडबाई म्हणून निवृत्त झाल्यावरही सौसरच्या बाजारात बायका मला पाहिलं की भाजीची पिशवी खाली ठेवून हिंदीत नमस्कार करतात. हे मात्र हिंदीत लिहिता येणार नाही. जे झालं ते पांढुर्ण्याच्या आपल्या अंगणात झालं, आणि मी जे बोलले ते आपल्या बोलीत बोलले.

तुमची जीप अजून आहे. तुम्ही ड्रायव्हर होतात त्या खात्याने ती लिलावात काढली आणि तुम्ही घेतली, तेव्हा आई म्हणाली होती, आयुष्यभर सरकारची म्हणून पुसली, आता स्वतःची म्हणून पुसा. आपला धाकटा ती पुसतो. रंग दोनदा बदलला, हूड किती वेळा बदललं ते आठवत नाही, पण गाडी तीच. संत्र्यांच्या दिवसांत तो बगिच्यांतून कॅरेट भरून मंडीत आणतो. तिगावकडच्या ज्या वाटांनी पिकअप जात नाहीत तिथे ही जाते, म्हणून लोक अजून त्यालाच बोलावतात. बाकीच्या दिवसांत कोणाचं खत, कोणाची म्हातारी दवाखान्यात, असं चालू असतं. त्याला दुसरं काही येत नाही असं मी पुष्कळदा म्हटलं आहे. त्याच्या तोंडावरही म्हटलं आहे.

अंगण तसंच उतरतं आहे, वर गोठा आणि खाली फाटक. तुम्ही गाडी लावायचात ती पद्धत त्याने मोडलेली नाही: आधी गिअरमध्ये टाकायची, मग हँडब्रेक ओढायचा, मग उतरून जाम नदीतून आणलेला तो काळा, एका बाजूने चपटा दगड चाकाखाली सरकवायचा आणि टाचेने दोनदा ठोकायचा. मी कॉलेजातून सुटीला आले की तुम्हाला विचारायची, "हँडब्रेक आहे तर दगड कशाला?" आणि तुम्ही म्हणायचात, "हँडब्रेक माणसानं बनवला आहे, बाई." दगडाबद्दल मला तेव्हाही कमीपणा वाटायचा. नागपूरला रस्त्यावर इतक्या गाड्या उभ्या असत, कोणाच्या चाकाखाली दगड नसे. हा आपल्या घरचा गावंढळपणा आहे असं मी मनात धरलं, आणि ते मनातून कधी गेलंच नाही. नसतं धरलं तर पुढचं झालं नसतं.

जानेवारीत धाकट्याच्या मुलीचं साक्षगंध होतं. मुलगा मोहगावचा, घर चांगलं, माणसं साधी. मी आदल्या दिवशीच सौसरहून आले आणि आल्या आल्या कामाला लागले. तुम्हाला माझी रीत माहीत आहे. मांडव कुठे, खुर्च्या कुठे, पाण्याचं पिंप कुठे, हे सगळं मी ठरवलं. भावजयीला तिच्याच स्वयंपाकघरात कुठे उभं राहायचं तेसुद्धा मी सांगितलं. सकाळी पाहिलं तर जीप मांडवाच्या अगदी तोंडाशी उभी. म्हटलं, हलवा. बॅटरी उतरली होती म्हणून चार जणांनी ढकलत तिला वर गोठ्यापाशी नेलं. स्टिअरिंगवर मी बसले, कारण चालवायला मला तुम्ही शिकवलं आहे आणि ते मी सगळ्यांना ऐकवतही होते. वर पोचल्यावर मी हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. ढकलायची म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये होती, ती तशीच राहिली. धाकट्याने मागून दगड आणून पुढच्या चाकाला लावला, टाचेने दोनदा ठोकला, आणि ओसरीवर प्लेटा मोजायला गेला.

मोहगावची गाडी फाटकातून आत वळत होती तेव्हा माझी नजर त्या दगडावर गेली. चकाचक सारवलेलं अंगण, रांगोळी, आणि त्या सगळ्याच्या वर टायरखाली तो मातीने माखलेला दगड. मला ते सहन झालं नाही. मी वाकून दोन्ही हातांनी तो ओढून काढला आणि गोठ्याच्या भिंतीआड टाकला. ओसरीवरून धाकटा म्हणाला, "ताई, तो दगड राहू दे." मी म्हटलं, "हँडब्रेक लावला आहे. मला गाडी शिकवू नकोस." निऱ्यांना माती लागली होती, ती झटकली आणि पाहुण्यांना सामोरी गेले.

ब्रेकने बराच वेळ धरलं. ओटी भरून झाली, फोटो झाले, पंगत बसली. पाहुण्यांची लहान मुलं जीपमध्ये चढून उड्या मारत होती. त्यांना जेवायला हाका मारल्या म्हणून ती उतरून आली होती, हे मी रोज आठवते. कारण ती उतरून चार घास खातात न खातात तोच जीप हलली. आधी इतकी हळू, की कोणीतरी ढकलतं आहे असं वाटलं. मग वेग आला. समोर मांडव, मांडवात सत्तरेक माणसं मांडी घालून जेवत बसलेली. धाकट्याच्या हातात वरणाची बादली होती. ती टाकून तो धावला, चालत्या गाडीला बाजूने लटकला आणि बाहेरूनच स्टिअरिंग ओढलं. गाडी मांडवाची एक कनात घेऊन अंगणातल्या पाण्याच्या हौदावर जाऊन आदळली. हौदाची भिंत आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये त्याचं डावं मनगट सापडलं.

तो हौदाला टेकून उभा होता. हात धरलेला, तोंड पांढरं पडलेलं. मी त्याच्यापर्यंत पोचले, आणि सगळ्या मांडवादेखत माझ्या तोंडून निघालं, "दगड कायले नाही लावला रे? कितींदा सांगू तुले? बाबांनी एवढं शिकवलं अन् तुले एक दगड लावता येत नाही?"

माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा म्हणून कमावलेला आवाज आहे तो. फाटकाबाहेरसुद्धा गेला असेल. बोलतानाच मला कळलं होतं. नंतर कळलं, घाबरून बोलून गेले, असं मी पुढे किती दिवस स्वतःला सांगत राहिले, पण ते खरं नाही. "दगड" हा शब्द तोंडात असतानाच मला माझ्या निऱ्यांवरची माती आठवली होती. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घालून म्हणाला, "हो ताई. राहून गेला."

त्याच आठवड्यात त्याच्या मुलाने, माझ्या भाच्याने, त्याच्याकडून चावी घेतली. भाचा नागपूरला नोकरीत आहे, विचारी मुलगा आहे, बापाचा अपमान करणारा नाही. पण तो म्हणाला, "आत्या, बाबा आता विसरून राहिले. मांडवात गेली असती गाडी तर? ती पोरं आत बसून असती तर?" त्याचं काय चुकलं? त्याच्या हातात जेवढी गोष्ट होती तेवढ्यावरून त्याने बरोबरच ठरवलं. चावी त्याने माझ्या हातात दिली. "तुमच्याजवळ ठेवा, बाबा तुमच्याकडे मागणार नाहीत." मी ठेवली. पर्समध्ये तुम्ही दिलेली लाल दोऱ्याची चावी होतीच, लिलावात गाडी घेतलीत तेव्हा दिलीत ती. कधी गरज पडली तर, म्हणालात. मला कधी पडली नाही. तिच्याच कप्प्यात धाकट्याची टाकली.

प्लास्टर निघालं. मृग बहाराची संत्री तोडणीला आली, बगिचेवाल्यांचे फोन आले, आणि धाकटा फोनवर सांगत राहिला, "गाडी बंद आहे भाऊ, दुसरी पाहा." दुसरी पाहिली लोकांनी. मी शनिवारी पांढुर्ण्याला जायची तेव्हा तो ओसरीवर बसलेला असायचा. तुम्ही निवृत्त झाल्यावर बसायचात तसा नाही, तुम्ही निदान पेपर तरी वाचायचात. तो समोरच्या रस्त्याकडे बघत असायचा, आणि कॅरेट भरलेली गाडी गेली की सांगायचा, "हा रामाकोन्याचा माल आहे. हा बांधून नाही राहिला बरोबर, घाटात सांडवते." मग भाच्याला गिऱ्हाईक सापडलं. नागपूरच्या एका माणसाला आपल्या फार्महाऊसवर ठेवायला जुनी जीप पाहिजे होती. फक्त हँडब्रेक नीट करून द्या, म्हणाला. भाच्याला वेळ नव्हता. मी म्हटलं, मी करून आणते.

हे मी का म्हटलं ते सांगते. सगळ्यांना वाटलं आत्याला कामाची हौस. खरं म्हणजे, जे करायला हवं होतं ते सोडून त्याच्या शेजारचं काहीतरी मला करायचं होतं. ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, म्हणजे लायनर, नवे झाले, ब्रेक पक्का झाला, की माझ्याकडून काही तरी भरून निघाल्यासारखं वाटेल असा माझा हिशेब होता. भाचा म्हणाला, गाडी चालवत नेऊ नका. म्हणून गाडी टोचन करून, म्हणजे ट्रॅक्टरला दोरीने बांधून, नागपूर रोडवरच्या गॅरेजात नेली. स्टिअरिंगवर मी, शेजारी धाकटा. स्वतःची गाडी विकायला तयार करून घ्यायला तो माझ्यासोबत आला, आणि वाटेत एवढंच म्हणाला, "दोरी ताणून ठेव ताई, ढिली पडली की झटका बसते."

गॅरेजवाला तोंडाने भारी होता. गाडी पाहून दोन्ही हात जोडले. "मॅडम, ही माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. पाया पडतो अन् मंगच पाना लावतो." मग मला म्हणाला, "माझी घरवाली तुमच्या शाळेतली. अजून तुमचं नाव काढलं की पदर सरळ करते." त्याने गाडी जॅकवर घेतली, शाफ्ट सोडला आणि गाडीच्या पोटाखालचा हँडब्रेकचा ड्रम बाहेर काढला. आतले दोन्ही ब्रेकशू तेलाने काळे झाले होते. लायनर बोटांनी दाबला तर तेल वर येत होतं. एवढ्या तेलकट ब्रेकने पंगत बसेपर्यंत गाडी धरून ठेवली याचंच नवल. त्याने छन्नीने जुने रिवेट उडवले, शू पेट्रोलने धुतले, नवे लायनर लावून घेतले आणि परत चढवायला निघाला.

"सील?" मी म्हटलं.

"सील चांगलं आहे मॅडम."

"चांगलं आहे तर ड्रममध्ये तेल कुठून आलं?"

त्याने धाकट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही शाळेत काय शिकवत होत्या?"

"नागरिकशास्त्र."

"मंग बरोबर आहे," तो म्हणाला, आणि नवं सील आणायला माणूस पाठवला.

मला ते माहीत होतं कारण तुम्ही ते आईच्या स्वयंपाकघरात केलं होतं. घरातला मोठा बल्ब तेवढा तिथेच होता. तुम्ही आईचा लोखंडी खलबत्ता उलटा करून त्यावर शू ठेवलात, मी तो दोन्ही हातांनी धरून बसले, आणि तुम्ही तांब्याचे रिवेट ठोकत होतात, आधी मधले आणि मग कडांकडे, म्हणजे लायनर मध्ये फुगत नाही. चुलीवर आईची भाजी होती आणि आई म्हणत होती, भाजीला ग्रीसचा वास आला तर तुम्ही दोघांनीच खायची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मी विचारलं, जुना लायनर पेट्रोलने धुतला तर चालणार नाही का? नवाच कशाला? तुम्ही म्हणालात, "धुतला तर आज पकडते. तेल आत मुरून राहते, गरम झालं की बाहेर येते. अन् सील नाही बदललं तर नवाही तसाच होते." त्यात तुम्हाला दुसरं काही सांगायचं नव्हतं, ब्रेकचंच सांगत होतात. पण त्या गॅरेजात स्टुलावर बसून मी माझ्या नव्या लायनरांकडे पाहत होते आणि मला ते सरळ सरळ ऐकू येत होतं.

सील येईपर्यंत चहा आला. आणखी दोघं-तिघं ट्रकवाले येऊन बसले. गॅरेजवाल्याने सहज विचारलं, "पण सुटली कशी भाऊ? दगड नव्हता काय लावला?"

धाकटा माझ्या शेजारी बसला होता. बशीत चहा ओतत होता. वर न पाहता म्हणाला, "राहून गेला."

"घ्या! वर्षाला गोटमार खेळते गाव, अन् पांढुर्ण्याच्या माणसाले दगड नाही भेटला!"

सगळे हसले. धाकटाही हसला. मी हातातला कप खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि गॅरेजवाल्याला विचारलं, सीलला किती वेळ आहे. दुसऱ्यांदा तेच केलं, बाबा. पहिल्यांदा निदान मी घाबरलेली होते. या वेळी चहा पीत होते.

परत येताना गाडी त्यानेच चालवली. मी चावी दिली तेव्हा त्याने ती घेतली आणि घरी आल्यावर न मागता माझ्या हातात परत ठेवली. मी विचारलं, "तू बोलला का नाहीस? त्या दिवशी?" तो म्हणाला, "पाहुणे बसून होते ना ताई. अन् मी नाही म्हटलं असतं तर तू अजून मोठ्यानं बोलली असती." रागाने म्हणाला नाही. पाऊण तासात ताप उतरेल असं डॉक्टर सांगतात, तसं म्हणाला. साठीला आलेला माणूस, आणि मी कशाने किती मोठ्या आवाजात बोलायला लागते हे तो लहानपणापासून हिशेबात धरून चालतो.

त्या रात्री मला सौसरचं स्टँड आठवलं. मी नुकतीच नोकरीला लागले होते. शाळेतल्या दोघी बाया माझ्यासोबत बसची वाट पाहत होत्या. तुम्ही खात्याची गाडी घेऊन आला होतात आणि चहाच्या टपरीसमोर उभे होतात. आदल्या दिवशी तिथेच तुम्ही क्लीनरला सर्वांदेखत झापलं होतंत, गाडी ढिली सोडली म्हणून. गाडी सरकून टपरीच्या बाकाला लागली होती. त्या दिवशी तुम्ही टपरीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "काल मी याले बोललो ते चुकीचं होतं. ब्रेक मीच अर्धा ओढला होता." क्लीनर लाजून ग्लास धुवायला लागला. त्याचा ग्लास नव्हता, टपरीवाल्याचा होता. माझ्या मैत्रिणी माझ्याकडे पाहायला लागल्या आणि मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येताना मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, एवढं जाहीर सांगायची काय गरज होती, त्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं. तुम्ही गिअर बदलत म्हणालात, "बोललो कुठं होतो? स्टँडवर. मग सांगीन कुठं?"

तुमची मला तेव्हा लाज वाटली होती. हे तुम्हाला कळलं असेलच.

आता रविवारी मोहगावचे लोक लग्नाची तारीख धरायला येणार आहेत, आणि त्याच दिवशी भाचा नागपूरच्या माणसाला गाडीचा शब्द देणार आहे. मी बोलले होते ते मोहगावच्या लोकांसमोर. हे लिहून मी आता झोपते. झोप येणार नाही, पण पडते.

*

हे रविवारनंतर लिहिते आहे.

ओसरीवर सगळे बसले होते. तारीख ठरली, चहा झाला. भाच्याने फोन हातात घेतला, गाडीसाठी. मी उभी राहिले. बसून सांगता आलं असतं, पण मला उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही. सूचना वाचून दाखवावी तसं मी सांगितलं: साक्षगंधाच्या दिवशी दगड याने लावला होता. तुमची गाडी आत येत होती तेव्हा तो मी काढला. याने मला नको म्हटलं होतं. गाडी न्यूट्रलमध्ये मीच सोडली. मग मी सगळ्यांसमोर याला बोलले, आणि याने ते ऐकून घेतलं. गाडी विकायची की नाही हे याने ठरवायचं आहे, आम्ही कोणी नाही.

भाच्याचा फोन हातात तसाच राहिला. मग मुलाची आई, ठसठशीत बाई आहे, पदर सावरून म्हणाली, "मले माहीत होतं मॅडम."

"काय?" मी म्हटलं.

"मी समोरच्या सीटवर होती ना. फाटकातून आत येऊन राहिलो तेव्हा पाह्यलं म्या, तुम्ही वाकून गोटा ओढून राहिल्या. म्या मनात म्हटलं, अहा, हेडबाई असून हातानं काम करून राहिल्या. साडीले माती लागली तेही पाह्यलं." मग नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "मंग तुम्ही भावाले बोलल्या तेव्हा म्या घरी जाऊन यायले सांगतलं. म्हटलं, पोरगी करू आपण. बाप मोठ्या मनाचा आहे तिचा. आत्याचं काय, आत्या काही रोज नाही येत घरी."

नवरा म्हणाला, "अवो, गप ना." ती म्हणाली, "गप कायले? त्याच सांगून राहिल्या ना आता." आणि मोठ्याने हसली. धाकटा हसला, भावजय तोंडाला पदर लावून आत गेली. मी उभीच होते. म्हणजे ज्यांच्यासमोर माझी मान राहावी म्हणून मी महिनोन् महिने गप्प होते, त्यांनी पहिल्याच दिवशी माझी किंमत करून ठेवली होती, आणि तीही बरोबर. घरी त्यांच्यात बोलून झालं होतं. मी येत होते, जात होते, पाहुणचार घेत होते, आणि त्या बाईला सगळं माहीत होतं.

भाचा बाकी हसला नाही. तो म्हणाला, "आत्या, मी चावी देत होतो तेव्हा तरी बोलायचं होतं. मी माझ्या बापाच्या हातातून घेतली ती." धाकटाच मध्ये पडला. "जाऊ दे रे. लायनर तर नवा झाला ना." मग भाच्याने नागपूरच्या माणसाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही एवढं सांगून ठेवला. बापाशी मात्र तो दिवसभर नीट बोलू शकला नाही. ते माझ्यामुळे, हेही लिहून ठेवते.

तुम्ही असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. समोर बसून अर्धं सांगितलं असतं, आणि उरलेलं अर्धं तुम्ही न विचारता ओळखलं असतं, त्यावर माझं भागलं असतं. हे कोणाला दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच. आणि एक राहिलं आहे. सगळ्यांसमोर काय काय झालं ते मी सांगितलं, पण त्याच्याकडे वळून "माझं चुकलं" एवढं म्हटलं नाही. तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी म्हटलं, "सीलकडे लक्ष ठेव, तेल येतं का पाहत जा." तो म्हणाला, "हो ताई."

दिलं ते असं. पाहुणे निघायच्या आधी, ओसरीवर, सगळ्यांदेखत: त्याची चावी त्याला दिली. तुम्ही मला दिलेली लाल दोऱ्याची चावीही दिली. ती त्याने हातात फिरवून पाहिली, खिशात टाकली नाही, आत जाऊन तुमच्या फोटोच्या खिळ्याला अडकवली. मग बाहेर येऊन त्याने दगड मागितला. मी म्हटलं, लायनर नवे आहेत आता. तो हात पुढे करून उभा राहिला. मी गोठ्याच्या भिंतीआडून तो उचलून आणला. निऱ्यांना माती लागली. तोही दिला.